मारोतराव मास्तरांचं 'बराबर'

मारोतराव मास्तर देवळात जाताना चपला काढत, टोपी काढत. गळ्यातली शिट्टी मात्र काढत नसत. लग्नाच्या पंगतीत ती त्यांच्या सदऱ्यावर लोंबत असे आणि मयतीच्या मागून चालतानाही. पितळेची शिट्टी आणि घामानं काळी पडलेली सुताची दोरी. गावात नवा आलेला माणूस हे बघून हसायचा. जुनी माणसं हसत नसत, ती नजर दुसरीकडे वळवत. त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं.

मी मूळचा पेडगावचा. सायन्सचा शिक्षक म्हणून या गावात रुजू झालो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. पालमच्या रस्त्यावर एसटीचा फाटा, तिथून मैलभर आत गाव, गावाला लागून नदी. नदीच्या या बाजूचे ते अल्याडचे, त्या बाजूचे ते पल्याडचे. शाळा दोघांची मिळून एकच, आमच्या अल्याडला. पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी ओळख करून दिली, "हे आपले ड्रिल मास्तर." मारोतरावांनी मला टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बराबर?" काय बराबर, ते काही समजेना. मी आपला घाबरून "बराबर" म्हणालो. "मंग झालं तर," असं म्हणून ते मैदानाकडे चालू लागले.

निजामाच्या काळात मास्तर उर्दू शाळेत शिकले होते. त्या शाळेतून त्यांनी दोन गोष्टी आणल्या, हॉकी आणि हा शब्द. कवायतीची रांग सरळ आली की ते "बराबर" म्हणायचे, म्हणजे ठीक झालं. दोन पोरांच्या भांडणात दोघांनाही सारख्याच छड्या दिल्या की "बराबर" म्हणायचे, म्हणजे समसमान झालं. "खरं तेच समान आन् समान तेच खरं, गुर्जी. म्हनून दोन्हीला शबुद एकच हाय," असं त्यांचं व्याकरण होतं. मी त्यावर वाद घालायचो. ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "बराबर."

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी अल्याड-पल्याडची हॉकीची मॅच व्हायची. तीही मास्तरांनीच सुरू केलेली. जिल्ह्याच्या गावात लोक क्रिकेटपायी वेडे झाले होते, पण आमच्याकडे बाभळीच्या काठ्या तासून गायरानावर हॉकी चालायची. बांबूचे गोल, मागे जाळी नाही, फक्कीनं मारलेल्या रेघा. अक्षर बरं म्हणून गोल लिहायची वही माझ्याकडे आली. जिंकणाऱ्या गावाला वर्षभर पितळी ढाल मिळायची. मॅच बरोबरीत सुटली तर ढाल सहा महिने अल्याडच्या चावडीत आणि सहा महिने पल्याडच्या. आषाढात नदीला पाणी आलेलं असलं तर ती डोक्यावर धरून नेत. निम्म्याहून जास्त वर्षं असंच व्हायचं आणि मास्तरांना तेच आवडायचं.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांची लांब शिट्टी. तोंडाशी धरून श्वास संपेपर्यंत वाजवायची. ती वाजली की पोरानं असेल तिथे, असेल तसं थांबायचं. पाणी पीत असेल तर तांब्या तोंडाशी धरूनच. दोन्ही गावांतल्या दोन पिढ्यांना त्यांनी हे शिकवलं होतं. एकदा बाजारात त्यांनी गंमत म्हणून ती वाजवली तर मिरच्या तोलणारा चाळिशीचा बाप्या तागडी हातात धरून ताठ उभा राहिला. आम्ही पोट धरून हसलो. हसले नाहीत ते एकटे मास्तरच.

आमच्या गोलमध्ये उत्तम उभा राहायचा. उत्तम बौद्धवाड्यातला, फाट्यावर त्याची पंक्चरची टपरी होती. ट्रकच्या ट्यूबमध्ये सरकी भरून त्यानं पायाचे पॅड स्वतःच शिवले होते. चेंडू त्याच्याकडे येताना पाहिला की आमचे लोक पाठ फिरवून बिडी पेटवायचे, इतका विश्वास. मॅच संपली की तेच लोक त्याला चहा वेगळ्या कपात देत. मी हे पाहायचो आणि माझ्या कपातला चहा पिऊन टाकायचो. माझ्याकडून दुसरं काही झालं नाही, हे सांगून टाकलेलं बरं.

उत्तमचे वडील लंगडत चालायचे. एका दुपारी शाळेच्या खेळाच्या खोलीत मास्तर चेंडूंना पांढरा रंग देत बसले होते. मी सहज विचारलं, की उत्तमच्या वडिलांच्या पायाला काय झालं. मास्तरांचा ब्रश थांबला.

"तुमी यायच्या आदी दोन वर्सं," ते म्हणाले. "विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटला व्हता, तवा. भर दुपार व्हती. पारापाशी मानसं जमली, अल्याडची बी, पल्याडची बी. हातात काठ्या. मी तिथंच हुबा व्हतो, गुर्जी. समदी माझ्या हाताखालून गेलेली पोरं. नावानिशी सांगतो तुमाला, रोल नंबरानिशी सांगतो. शिट्टी तवा मी खिशात ठिवायचो. माझा हात खिशात गेला. बोटाला शिट्टी लागली. थंडगार. लांब वाजिवली असती तर थांबली असती का न्हाई?"

त्यांनी ब्रश रंगाच्या डब्यात ठेवला.

"थांबली असती," ते म्हणाले. "दोन मिंटं का हुईना. तेवढ्यात बौद्धवाड्यातल्या तीन घरातली मानसं नदीकडं पळाली असती, उत्तमचा बाप बी. मी हात तसाच भायेर काढला. आपलीच मानसं, आपलंच गाव, आपन कशाला वाईट व्हावं? त्या दिवसापून शिट्टी गळ्यात हाय. आता खिसा नको."

मग ते पुन्हा चेंडू रंगवू लागले. त्या दुपारनंतर ती शिट्टी पाहून मीही नजर वळवू लागलो.

वर्षं गेली. विद्यापीठाचं नाव बदलणार, बदलणार नाही, हे सोळा वर्षं चाललं होतं. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत मात्र आता काही दिवसांतच निर्णय येणार अशी कुजबुज सुरू झाली. फाट्यावर पोलिसांची निळी गाडी येऊन उभी राहिली. पारावर माणसं बसायची, पण मी जवळ गेलो की बोलणं थांबायचं. बौद्धवाड्यातल्या बायका पाण्याला एकेकट्या जाईनाशा झाल्या. दुकानदार संध्याकाळी लवकर फळ्या लावू लागला. विचारलं तर म्हणायचा, "काय न्हाई गुर्जी, थंडी लय हाय."

अशात मॅचच्या कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष नानासाहेब म्हणजे आमचे सरपंच. माणूस हौशी. त्यांनी टीव्हीवर परदेशातल्या मॅचेस पाहिल्या होत्या. ते म्हणाले, "औंदा मॅच बराबर सुटली तर पाच-पाच स्ट्रोक मारायचे. गोलकी एकटा, मारनारा एकटा. ज्याचे जास्ती त्याची ढाल."

मास्तर म्हणाले, "कामून? बराबर सुटनं हा बी फैसलाच हाय की."

"मास्तर, लोकं कुठकुठून गाड्या जुंपून येत्यात. तासभर घसा फोडत्यात. घरी जाऊन काय सांगावं त्यांनी? कुनीच जिंकलं न्हाई म्हनून?"

"कुनीच हरलं न्हाई म्हनून सांगा."

सगळे हसले. नानासाहेबही हसले. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. खेळ म्हटला की शेवट हवा, निदान पाहणाऱ्याला तरी हवा. पण मास्तर हट्टाला पेटले. "नाना, अकरा जनं मिळून हरतेत तवा घरी जाऊन जेवतेत. एकटा हरला की त्याला घरी जाता येत न्हाई. त्यात औंदाचं साल कसं हाय ते बगा. आन् गोलीत कोन हुबा ऱ्हानार हाय, ते बी बगा."

नानासाहेब सावकाश म्हणाले, "मास्तर, खेळात जात आनू नका." पंधराजण बसले होते. सगळ्यांनी माना हलवल्या, आणि नियम मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी मास्तर मला घेऊन उत्तमच्या टपरीवर गेले. उत्तम ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. मास्तर म्हणाले, "उत्तमा, बाळा, औंदा पाय मुरगळला म्हन. खेळू नगं."

उत्तमनं ट्यूब फिरवली. "मास्तर, मी गोलीत नसलो तर म्हनतील भ्याला. गोल खाल्ला तर म्हनतील इकला गेला. अडिवला तर पल्याडचे म्हनतील, यांची मस्ती वाढली. तिन्हीकडून सापडनार मीच. मंग खेळून तरी घेतो."

परत येताना वाटेत मास्तर एकदाच बोलले, "पोरगं बराबर बोललं."

रविवारी गायरान माणसांनी भरून गेलं. एरवी बायका-पोरं असायची, त्या दिवशी फार थोडी होती. आणि मी पाहिलं की बघायला आलेल्यांच्या हातातही काठ्या होत्या. हॉकीच्या नव्हेत. मास्तरांनीही ते पाहिलं. त्यांनी शिट्टी सदऱ्याला पुसली आणि मॅच सुरू केली.

एक गोल आमचा, एक त्यांचा. जादा वेळ दिला, त्यातही काही झालं नाही. मास्तर माझ्या टेबलाशी आले आणि मोठ्यानं म्हणाले, "लिवा गुर्जी, सामना बराबर." लगेच कर्ण्यावरून नानासाहेबांचा आवाज आला, "स्ट्रोक घेतले जातील. मास्तरला जमत नसंल तर दुसरा पंच हाय." मास्तरांचा हात शिट्टीच्या दोरीकडे गेला. मला वाटलं, शिट्टी काढून टेबलावर ठेवतील. पण ते गोलकडे वळले. नंतर म्हणाले होते, "मी गेलो असतो तर तितं मी नसतो."

आमच्या पाचांतले तीन गेले. पल्याडच्यांच्या चारांतले उत्तमनं दोन अडवले, दोन गेले. राहिला शेवटचा. तो गेला तर तीन-तीन, अडला तर ढाल आमची. मैदानाच्या दोन्ही बाजूंची माणसं रेघेच्या आत सरकली होती. मास्तर गोलच्या बांबूपासून चार पावलांवर उभे होते. कुणी ओरडत नव्हतं.

चेंडू जमिनीलगत आला. उत्तमनं पाय टाकला. पॅडला लागून चेंडू वळला, धूळ उडाली आणि उत्तम त्याच्यावर पालथा पडला. धूळ खाली बसायच्या आत दोन्ही बाजूंची माणसं धावली. "अडिवला!" "आत गेला, आत!" फक्कीची रेघ पायांखाली पुसून गेली. काठ्या वर झालेल्या मी पाहिल्या. त्या चेंडूसाठी वर झालेल्या नव्हत्या.

मास्तर उत्तमच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभे राहिले आणि त्यांनी लांब शिट्टी वाजवली.

तेवढी लांब मी कधी ऐकली नव्हती. त्यांच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. आणि ती सगळी माणसं, मिशीवाली, बापे झालेली, असतील तिथे थांबली. एका काठीवाल्यानं तर टाचा जुळवल्या.

श्वास संपला, शिट्टी थांबली. आमच्यातल्या कुणीतरी विचारलं, "मास्तर, उत्तमनं बराबर अडिवला ना?" त्याच वेळी पल्याडचा कप्तान ओरडला, "आत गेला ना मास्तर? तीन-तीन ना?"

मास्तरांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "बराबर!"

अल्याडच्यांनी ऐकलं की बरोबर अडवला. पल्याडच्यांनी ऐकलं की समसमान झाले. दोन्हीकडून एकदमच आरोळी उठली, टोप्या उडाल्या, हलगी वाजायला लागली. आपण नेमकं कशासाठी नाचतोय हे एकमेकांना विचारायला कुणालाच सवड नव्हती. मास्तरांनी उत्तमला मनगटाला धरून उठवलं आणि त्या नाचणाऱ्या गर्दीतून सरळ बाहेर काढलं. मी वही घेऊन मागे पळालो. "मास्तर, वहीत काय लिहू?" न थांबता ते म्हणाले, "बोललो तेच."

साडेपाचच्या एसटीत त्यांनी उत्तमला आणि त्याच्या आईवडिलांना बसवलं. उत्तमच्या पायाला पॅड तसेच बांधलेले होते. मास्तरांनी त्याला परभणीतल्या ओळखीच्या एका सायकलवाल्याचा पत्ता दिला. गाडी हलली तशी त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि खिडकीतून उत्तमच्या हातात दिली.

अंधार पडेपर्यंत दोन्ही गावांना उमगलं की एकाच शब्दावर दोघंही नाचलो. सकाळी फाट्यावर उत्तमची टपरी जळालेली सापडली. ट्यूब वितळून जमिनीला चिकटल्या होत्या. कुणी केलं ते कधीच ठरलं नाही. पोलीस आले, लिहून घेऊन गेले. उत्तम एरवी रोज त्या टपरीतच झोपायचा.

चार दिवसांनी निर्णय आला. आमच्या गावात त्यापुढे काही झालं नाही. पण मॅच त्या वर्षी संपली ती कायमची. नानासाहेब मास्तरांच्या ओसरीवर येऊन बसले, म्हणाले, "तुमी एकलेच जवळ व्हते. आत का भायेर, एक सांगा." मास्तर म्हणाले, "बराबर." नानासाहेब उठून गेले. त्यानंतर मास्तरांना गावानं कुठल्याच कार्याला बोलावलं नाही, आणि पल्याडच्यांनीही नाही. अल्याड-पल्याडचं एवढं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

मास्तरांना त्याचं फारसं वाटलं नाही. त्यांना खात होतं ते वेगळंच. निवृत्तीनंतर ते माझ्याकडे यायचे, गळ्याशी हात न्यायचे आणि तिथे काही नाही हे लक्षात येऊन हात खाली घ्यायचे. एकदा मीच विचारलं, "मास्तर, आता तरी सांगा. चेंडू आत होता की बाहेर?"

ते म्हणाले, "मी बगितलंच न्हाई, गुर्जी. माझं ध्यान मानसांवर व्हतं. काठ्या मोजीत व्हतो. जिंदगीभर पोरांना सांगितलं, पंचानं नजर चेंडूवरून काढू नाई. आन् मी न बगता फैसला दिला. खोटाच दिला की. ते पोरगं वाचलं, पन खेळाशी मी बेईमान झालो. म्हनून शिट्टी देऊन टाकली." मी म्हणालो, तुम्ही केलं ते योग्यच केलं. ते हसले; पण "बराबर" म्हणाले नाहीत. या एका गोष्टीपुरता तो शब्द त्यांनी टाकला होता.

पुढे चार वर्षांनी ते गेले. शेवटचे काही महिने अंथरुणावर होते. नदीकाठी त्यांना नेलं तेव्हा माणसं मोजकीच होती. आश्चर्य म्हणजे नानासाहेब आले होते, पल्याडचा कप्तानही. परभणीहून उत्तम आला होता. तिथे त्याचं टायरचं दुकान चांगलं चाललं होतं. सदऱ्याच्या आत काळी दोरी दिसत होती. अग्नी दिल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याला मास्तरांची ती खंत सांगितली: न बघता फैसला दिला, खोटा दिला, हे मनात घेऊनच माणूस गेला.

उत्तम माझ्याकडे पाहत राहिला. "खोटा कसा, गुर्जी? चेंडू आत गेला व्हता. वीतभर आत. माझ्याच पोटाखाली व्हता की."

तीन त्यांचे, तीन आमचे.

"मग तू इतकी वर्षं बोलला का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"नाना मास्तरला इचारायला गेले. पल्याडचे मास्तरला इचारायला गेले. तुमी बी मास्तरलाच इचारलं," उत्तम म्हणाला. "मला कुनी इचारलंच न्हाई."